किती, केव्हा, कोणाला

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीच्या पानांतून काढतात. मेथोट्रेक्सेट हे फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाशी इतकं मिळतंजुळतं की पेशीची फसगत होते. ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना ही दोन औषधं गेली साठ वर्षं बरोबरीनं दिली जात आहेत. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून जातं. मेथोट्रेक्सेट गोळीतून किंवा शिरेतून देतात आणि काही ठरावीक दिवशी पाठीच्या मणक्यांमधून, मेंदूभोवतीच्या द्रवात सोडतात. व्हिन्क्रिस्टिन चुकून त्या वाटेनं गेलं तर रुग्ण जवळजवळ नक्की दगावतो. जगभर असे अपघात घडल्यावर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सूचना काढली, की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नये, सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावं, म्हणजे मणक्यात टोचण्याची चूक हातून होणारच नाही. औषध तेच, पानं तीच, रुग्णही तोच. फक्त वाट बदलली की जीव वाचवणारी गोष्ट जीव घेते.

'नैसर्गिक आहे, त्यानं काय अपाय होणार?' हे वाक्य कर्करोगाच्या घरात फार लवकर उच्चारलं जातं, आणि बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. वनस्पती आणि जीवनसत्त्वं यांचा ल्युकेमियाच्या उपचारात फार मोठा, सिद्ध झालेला वाटा आहे. तो नाकारणाऱ्या डॉक्टरांशी माझा वाद आहे. पण हा वाटा त्यांना मिळाला तो कोणीतरी त्यांना औषध मानून तपासलं म्हणून. पानातला नेमका कोणता रेणू, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कोणत्या जातीच्या ल्युकेमियात, सोबत दुसरं काय चालू असताना, या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत त्या माणसांनी पाठ सोडली नाही. जिथे ही उत्तरं नाहीत तिथे सदाफुलीही विष आहे आणि जीवनसत्त्वही.

या कथेचा एक धागा परळमधून जातो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना बाळंतपणाच्या आधी एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी असायच्या आणि ज्या असायच्या त्या नको तितक्या मोठ्या, अर्धवट वाढलेल्या. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं, या बायकांचा आहार तपासला, प्राण्यांना तसाच आहार देऊन पाहिला आणि शेवटी स्वस्तातला एक यीस्टचा अर्क, मार्माइट, दिल्यावर रक्त सुधारतं हे दाखवून दिलं. १९३१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कातला नेमका पदार्थ कोणता हे पुढे दहा वर्षं कोणाला कळलं नाही. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये चार टन पालकातून तो वेगळा काढण्यात आला. तेच फॉलिक ॲसिड. काही वर्षांत अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमहून गेलेले यल्लाप्रगड सुब्बाराव.

गिरणीतल्या बाईचं रक्त भरून काढणारं जीवनसत्त्व ल्युकेमियाच्या मुलाचंही रक्त सुधारेल, असं वाटणं साहजिक होतं. बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर यांनी या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीचे पदार्थ देऊन पाहिले. अस्थिमज्जेचे नमुने तपासल्यावर जे दिसलं ते उलटं होतं. रोग जोरानं वाढत होता. वेगानं विभागणाऱ्या पेशीला नवा डीएनए बांधायला फोलेट लागतं, आणि ल्युकेमियाच्या पेशी तर थांबायचं नावच घेत नाहीत. जीवनसत्त्व चांगल्या पेशीला आणि वाईट पेशीला वेगवेगळं ओळखत नाही. रक्त वाढवणारी गोष्ट जे रक्त समोर असेल ते वाढवते.

फार्बर इथे थांबले असते तर ते एका फसलेल्या प्रयोगाचे धनी म्हणून विसरले गेले असते. त्यांनी प्रश्न फिरवला. हे जीवनसत्त्व रोगाला पोसत असेल, तर ते तोडल्यावर काय होईल? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेनं फॉलिक ॲसिडसारखेच पण बिनकामाचे रेणू बनवले होते. पेशी त्यांना खरं जीवनसत्त्व समजून आत घेते आणि मग कुलपात मोडून अडकलेल्या किल्लीसारखं तिचं सगळं काम ठप्प होतं. त्यातल्या अमिनोप्टेरिननं सोळांपैकी दहा मुलांमध्ये फरक दिसला, असं फार्बर यांनी जून १९४८ मध्ये जाहीर केलं. ती सुधारणा काही महिन्यांचीच होती, मुलं पुढे दगावलीच. पण तोवर या रोगात काही महिनेसुद्धा कोणी मिळवून दिले नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. अमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच घराण्यातल्या मेथोट्रेक्सेटनं घेतली.

या गोष्टीचा पुढचा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटतो. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर डॉक्टर स्वतःच रुग्णाला फोलेटचं एक रूप देतात, ल्युकोव्होरिन. ते साधारण चोवीस ते छत्तीस तासांनी सुरू करतात आणि रक्तातलं मेथोट्रेक्सेट किती उतरलं हे मोजत पुढचे डोस ठरवतात. उशीर झाला तर तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर सोलवटतं, मज्जा कोरडी पडते, मूत्रपिंड धोक्यात येतं. घाई केली तर ज्या पेशी मारायच्या त्याच वाचतात. एकच जीवनसत्त्व सकाळी रोग्याचा शत्रू असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा तारणहार. अशा मुलाच्या घरी कोणीतरी रक्त वाढावं म्हणून औषधांच्या दुकानातून लोह आणि फॉलिक ॲसिडचं टॉनिक आणतं, आणि ते कोणालाच सांगत नाही. टॉनिकच्या बाटलीवर धोक्याची खूण नसते. गर्भवतीला तेच टॉनिक सरकार फुकट देतं, आणि तिच्यासाठी ते योग्यच आहे.

सदाफुलीची हकिकतही अशीच उलटसुलट आहे. आपल्याकडे मधुमेहावर तिची पानं-फुलं चघळणारे लोक आहेत, आणि जमैकातही तिच्या पानांचा चहा साखरेवर घेत. १९५२ मध्ये तिथून एका रुग्णानं काही पानं पाकिटातून कॅनडात एका डॉक्टरांना पाठवली. त्यांनी ती आपल्या संशोधक भावाला, रॉबर्ट नोबल यांना दिली. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क काढून उंदरांना पाजला. साखर जागची हलली नाही. इंजेक्शन दिल्यावर मात्र उंदीर मरू लागले आणि मरण्याचं कारण होतं जंतुसंसर्ग, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. साखरेचं औषध म्हणून हा प्रयोग पूर्ण फसला होता. पांढऱ्या पेशी कमी करणारी वस्तू म्हटल्यावर पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाकडे लक्ष गेलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर सदाफुली तपासली. या वाटेनं आधी व्हिन्ब्लास्टिन आणि मग व्हिन्क्रिस्टिन आलं, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली.

लोकांनी ज्या गुणासाठी पान चघळलं तो गुण चाचणीत सापडला नाही, आणि जो सापडला त्याची लोकांना कल्पना नव्हती. परंपरेनं एका झाडाकडे बोट दाखवलं हे तिचं मोठं देणं आहे. पण बोट दाखवणं वेगळं आणि उपचार करणं वेगळं. सदाफुलीत सत्तरहून अधिक अल्कलॉइडं आहेत, त्यांत व्हिन्क्रिस्टिन इतकं थोडं की टनभर वाळलेल्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम हाती लागतं. रुग्णाला एका वेळी ते सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे हातापायांच्या नसा बधिर होतात आणि आतडी थंडावतात. अंगणातली पानं वाटून पिणाऱ्याला हे औषध मिळत नाही. त्याला मिळतो सत्तर अनोळखी पदार्थांचा अनिश्चित डोस.

जीवनसत्त्व आणि औषधी द्रव्य यांच्या जोडीचं सर्वांत देखणं यश मात्र चीनमध्ये मिळालं. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात एपीएल, हा एके काळी सर्वांत भयंकर ल्युकेमिया मानला जायचा. रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते, हिरड्यांतून, फुप्फुसात, मेंदूत रक्तस्राव होतो आणि रोगी कधीकधी निदान झाल्यापासून काही दिवसांत जातो. १९८५ मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला अ जीवनसत्त्वाचं एक रूप दिलं, ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड, थोडक्यात ॲट्रा. केमोथेरपीनं ती खचत चालली होती. ॲट्रानं तिच्या पेशी मारल्या नाहीत, त्यांना वाढवून पूर्ण परिपक्व केलं, आणि परिपक्व पेशी आपल्या वेळेला आपोआप मरतात. १९८८ मध्ये वांग यांच्या गटानं २४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांचा रोग मागे हटला होता.

हे का घडलं ते पुढे उलगडलं. एपीएलमध्ये पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात आणि त्यातून एक विकृत प्रथिन तयार होतं. त्याचा अर्धा भाग हा अ जीवनसत्त्वाचा ग्राहक असतो. तोच पेशीची वाढ अडवून धरतो. ॲट्रा नेमका तिथे जाऊन बसतो. हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण यातच सगळं आहे. ॲट्रा सगळ्या ल्युकेमियांवर असं काम करत नाही. ज्या रोगात हा एक बिघाड आहे, त्यातच करतो. आणि गाजरं कितीही खाल्ली तरी ते होत नाही. प्रौढ माणसाची अ जीवनसत्त्वाची रोजची गरज एक मिलिग्रॅमहूनही कमी असते, तर ॲट्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण बांध्याच्या माणसाला दिवसाला ७० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. एवढ्या डोसानं कधीकधी ताप येतो, वजन वाढतं, फुप्फुसात पाणी होतं. ते वेळेवर ओळखून डेक्सामेथासोन दिलं नाही तर रोगी दगावू शकतो. गर्भवतीच्या बाळाला तर त्याचा गंभीर धोका असतो. जीवनसत्त्व इथे पूर्ण औषध झालं आहे, औषधाच्या सगळ्या ताकदीसह आणि सगळ्या जोखमींसह.

नुसत्या ॲट्रानं रोग काही महिन्यांत परत यायचा. दुसरी बाजू सांभाळली आर्सेनिकनं. हार्बिनमध्ये झांग टिंगडोंग आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकापासून पारंपरिक उपचारातलं आर्सेनिक ल्युकेमियात वापरून पाहत होते. आर्सेनिक त्याच विकृत प्रथिनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला धरून ते मोडून टाकतं. युरोपात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांना केमोथेरपीशिवाय फक्त ॲट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिलं, तेव्हा दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण रोगाच्या पुनरावृत्तीशिवाय जिवंत होते. ॲट्रा आणि केमोथेरपी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. ॲक्यूट ल्युकेमियात केमोथेरपी पूर्ण वगळून इतकं यश मिळणं ही आधी कोणाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट होती.

आर्सेनिक खनिज आहे, वनस्पती नव्हे. पण चिनी गोळीमध्ये वनस्पतीही येते. १९८० च्या दशकात तिथे एक मिश्रण तयार झालं. त्यात मनशीळ, निळीचं चूर्ण, लाल मुळांची एक सेज आणि आणखी एक मूळ असे घटक आहेत. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, आपल्या रसशास्त्रात पूर्वीपासून ओळखीचं. २००८ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी या मिश्रणाची चिरफाड केली. मनशिळेतलं आर्सेनिक विकृत प्रथिन मोडतं. निळीतलं इंडिरुबिन आणि सेजच्या मुळातलं टॅन्शिनोन पेशीच्या आवरणातली एक वाट रुंद करतात आणि त्या वाटेनं आर्सेनिक आत जास्त शिरतं. तिन्ही घटक मिळून जितकं काम करतात तितकं सुटे करत नाहीत. मग ही गोळी ॲट्रासोबत देऊन तिची तुलना शिरेतल्या आर्सेनिकशी केली गेली. २४२ रुग्ण, दोन वर्षांनी रोगमुक्त गोळीच्या गटात ९८.१ टक्के आणि शिरेतल्या आर्सेनिकच्या गटात ९५.५ टक्के. तोंडानं घ्यायची गोळी शिरेतल्या औषधाच्या तोडीची ठरली. जडीबुटी आणि जीवनसत्त्व एकत्र करून ल्युकेमियावर मात, हे वाक्य इथे अक्षरशः खरं आहे.

हे वाचून आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जाईल, की मनशीळ आमच्याकडेही होती. होती. शोधन, मारण, सगळे विधीही होते. पण कोणत्या ल्युकेमियात, किती मात्रेत, कशासोबत दिल्यावर किती माणसं किती वर्षं जगली, हे मोजलेलं नव्हतं. रक्तातल्या गुणसूत्राचा बिघाड तपासल्याशिवाय एपीएल खात्रीनं ओळखता येत नाही, आणि तो ओळखल्याशिवाय ही गोळी म्हणजे निव्वळ आर्सेनिक. आर्सेनिकचा खरा भारतीय अभ्यास वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाला. ॲट्रा न परवडणाऱ्या रुग्णांचा देश लक्षात घेऊन त्यांनी नुसतं आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिलं आणि २००६ मध्ये ७२ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्ण मागे हटला. परंपरेचा मान राखण्याची ही पद्धत मला पटते.

आता ज्या जोडीबद्दल हल्ली संशोधन चालू आहे तिच्याकडे येतो. १९८१ मध्ये जपानमध्ये एत्सुको आबे, तात्सुओ सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ड जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप उंदराच्या ल्युकेमिया पेशींना परिपक्व करतं. ॲट्रासारखाच मार्ग, तोही मज्जेच्या इतर ल्युकेमियांत चालू शकेल असा. पण रुग्णांना त्या मात्रेत ड जीवनसत्त्व दिलं की रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जातं. आशा तिथेच अडकली. मग इस्रायलमधल्या बेन-गुरिअन विद्यापीठातले मायकेल डॅनिलेन्को आणि न्यू जर्सीचे जॉर्ज स्टुडझिन्स्की यांच्या गटांनी रोझमेरीतल्या कार्नोसिक ॲसिडची जोड देऊन पाहिली. एकट्या ड जीवनसत्त्वानं जी गोष्ट मोठ्या मात्रेत होते, ती कार्नोसिक ॲसिड सोबत असेल तर कमी मात्रेत होऊ लागली. उंदरांमध्ये ड जीवनसत्त्वाचे कृत्रिम भाऊबंद आणि रोझमेरीचा अर्क एकत्र दिल्यावर रोग आवरला आणि कॅल्शियम चढलं नाही. केमोथेरपी न झेपणाऱ्या वयस्क ल्युकेमिया रुग्णांसाठी हा विचार मला मोलाचा वाटतो. सत्तरीच्या माणसापुढे पर्याय तरुणांपेक्षा कमी असतात, आणि त्याच्या पेशींना मारण्याऐवजी परिपक्व करता आलं तर त्याच्यासारखं दुसरं काय.

पण हे काम काचेच्या बशीतून उंदरापर्यंत आलं आहे, रुग्णांच्या मोठ्या चाचणीपर्यंत नाही. आणि यात एक गुंता आहे. कार्नोसिक ॲसिड पेशीतली जी संरक्षक यंत्रणा जागी करतं, तिच्याच आधारानं कर्करोगाच्या पेशी अनेक केमो औषधांपासून स्वतःला वाचवतात. ड जीवनसत्त्वाबरोबर जी गोष्ट मित्र आहे, ती दुसऱ्या औषधाबरोबर शत्रू होऊ शकते. म्हणून रोझमेरीच्या कॅप्सूल दुकानातून आणून केमोथेरपीसोबत घेणं हे या संशोधनाचं पालन नव्हे, त्याच्या विरुद्ध वागणं आहे.

क जीवनसत्त्वाची कथा सर्वांना थोडीफार माहीत असते. क जीवनसत्त्व कर्करोगावर गुणकारी आहे या लायनस पॉलिंग यांच्या दाव्यानंतर अमेरिकेच्या मेयो क्लिनिकनं तोंडावाटे क जीवनसत्त्वाच्या चाचण्या घेतल्या, १९७९ आणि १९८५ मध्ये, आणि त्यांत काही फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये प्रयोगशाळांतून नवी गोष्ट पुढे आली, की टेट-२ नावाच्या जनुकाचं काम मंदावलेल्या रक्तपेशींना क जीवनसत्त्व सावरू शकतं. ते संशोधन गंभीर आहे आणि पुढे जायला हवं. पण २००८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये मार्क हीनी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या आणि लिम्फोमाच्या पेशींना आधी क जीवनसत्त्व भरवलं आणि मग पाच औषधं दिली. पाचही औषधांची पेशी मारण्याची ताकद ३० ते ७० टक्क्यांनी उतरली. त्या पाचांत व्हिन्क्रिस्टिन होतं आणि मेथोट्रेक्सेटही. हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे. पण जोवर रुग्णांत खरं काय होतं ते ठरत नाही, तोवर केमोच्या दिवसांत मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेणं हा आपल्याच जिवावरचा प्रयोग आहे.

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रोग्यांना आसरा देते. अशा ठिकाणी, आणि गावोगावच्या घरांत, काय काय चालतं हे ऐकलं की कळतं की माणसं हातावर हात ठेवून बसत नाहीत. प्लेटलेट उतरल्या की पपईच्या पानांचा रस, सकाळी गव्हांकुरांचा रस, गुळवेलीचा काढा, रात्री हळदीचं दूध. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी प्रेमातून येते. स्वयंपाकातली हळद-मिरी खाण्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नाही. कच्च्या पाल्याच्या रसाचं तसं नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी शून्याजवळ असतात, अशा वेळी न उकळलेल्या रसातले साधे जंतूही रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतात. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही आणि वाद अजून आहे. पण मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरिन ही ल्युकेमियाची औषधं आधीच यकृतावर भार टाकत असताना, वादात असलेली वनस्पती त्यात घालायची का, हा प्रश्न वाद मिटेपर्यंत थांबू शकत नाही. हळदीच्या कॅप्सुलांत हल्ली मिरीतलं पिपेरिन घालतात, कारण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की पिपेरिननं माणसांत कर्क्युमिनचं शोषण वीसपटीनं वाढतं. ते वाढतं कारण पिपेरिन शरीराची औषधं निकामी करणारी यंत्रणा मंदावतं. त्यातल्याच एका वाटेनं शरीर व्हिन्क्रिस्टिनचा निचरा करतं. बुरशीविरोधी औषधांनी ही वाट अडली की व्हिन्क्रिस्टिनचा त्रास वाढतो हे सिद्ध आहे. एकवटलेल्या पिपेरिनबद्दल तीच शंका घेणं मला रास्त वाटतं.

यात घरच्यांचा दोष मला दुय्यम वाटतो. ते लपवतात, कारण सांगितल्यावर काय होतं ते त्यांना ठाऊक असतं. ओपीडीत दीडशे पेपर समोर असलेला डॉक्टर वैतागतो, 'असलं काही देऊ नका' म्हणतो, आणि पुढच्या खेपेला ते सांगायचंच बंद होतं. ज्या डॉक्टरच्या हातात सदाफुलीचं औषध आहे, त्यानं वनस्पतींना 'असलं काही' म्हणावं हे मला खटकतं. रुग्णाच्या पेपरवर जशी ॲलर्जीची जागा असते, तशीच घरच्या काढ्यांची, रसांची, चूर्णांची, टॉनिकची जागा असायला हवी, आणि ती भरणारी नर्स किंवा समुपदेशक मराठीत, न रागावता विचारणारी हवी. काय घेता? किती? सकाळी की रात्री? कोणी सांगितलं? अमुक बंद करा, का ते असं, आणि तमुक खुशाल घ्या, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मिळाली नाहीत की घरचे व्हॉट्सॲपकडे वळतात. तिथे अजून जर्दाळूच्या बिया 'व्हिटॅमिन बी-१७' म्हणून फिरतात. त्यांतला तो पदार्थ जीवनसत्त्व नाही, शरीरात त्यातून सायनाइड सुटतं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ कर्करुग्णांवर घेतलेल्या चाचणीत त्यानं कोणाला बरं केलं नाही, काहींच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीला पोचलं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. १९९७ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरचं अमेरिकन पेटंट भारतानं रद्द करून घेतलं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने ग्रंथ पुराव्यादाखल सादर केले आणि जिंकलं. तो विजय खरा होता, आणि गोव्यातल्या माशेलचा मुलगा तो लढला याचा आनंदही रास्त होता. पण पेटंटच्या खटल्यात सिद्ध होतं ते ज्ञान कोणाचं हे. औषध गुणकारी आहे का, हा खटला वेगळा, आणि तो आपण फारसा चालवलाच नाही. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या प्रचंड साहित्याचा आढावा घेतला तेव्हा त्यांना माणसांवरची एकही काटेकोर, यशस्वी चाचणी सापडली नाही. कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना फसवतं, हेही त्यांनी दाखवलं. हळदीवर आपला हक्क आहे असं म्हणायचं, तर तिची परीक्षा घेण्याची जबाबदारीही आपलीच येते, निकाल नकारार्थी आला तरी.

ही जबाबदारी कंपन्या घेणार नाहीत. रोझमेरीच्या अर्काचं आणि ड जीवनसत्त्वाचं पेटंट घेऊन कोणी श्रीमंत होत नाही, मग चाचणीवर कोट्यवधी रुपये कोण घालेल? सरकारी पैशानंच हे व्हायला हवं. टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालतं, आणि त्याच्या पुढाकारानं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं जोडली गेली आहेत. इतके रुग्ण, इतक्या प्रकारचे ल्युकेमिया आणि इतकी जडीबुटी एकाच देशात असण्याचं भाग्य फार थोड्यांना आहे.

सुरुवात करायची तर प्रश्न समोरच आहेत. शिरेतलं आर्सेनिक म्हणजे रोज दोन-दोन तासांचं सलाइन, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे, मग चार आठवड्यांची विश्रांती, आणि असे चार फेरे. गडचिरोलीच्या किंवा बीडच्या एपीएल रुग्णाला त्यासाठी शहरात घर करून राहावं लागतं, मजुरी बुडते, सोबत राहणाऱ्याचीही बुडते. तोंडानं घ्यायचं प्रमाणित आर्सेनिक आणि ॲट्रा यांची जोडी जिल्हा रुग्णालयाच्या देखरेखीखाली, हृदयाचा आलेख आणि यकृताच्या तपासण्या नेमानं करत, घरी राहून पूर्ण करता येते का, हे इथे, आपल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीनं मोजायला हवं. केमोथेरपी न झेपणाऱ्या वयस्क रुग्णांत ड जीवनसत्त्वाचं कमी कॅल्शियम वाढवणारं रूप आणि कार्नोसिक ॲसिडचा प्रमाणित अर्क यांची लहानशी, सुरक्षितता तपासणारी चाचणी घ्यायला हवी. आणि व्हिन्क्रिस्टिन चालू असलेल्या मुलांच्या घरांत कोणते काढे, रस आणि कॅप्सूल जातात, किती मात्रेत, आणि त्या मुलांच्या नसांवर, यकृतावर, प्लेटलेटवर त्याचा काय परिणाम दिसतो, याची साधी, प्रामाणिक नोंद ठेवायला तर नव्या औषधाचीही गरज नाही. एक वही लागेल आणि विचारणारं माणूस.